शाळेची दुसरी सहामाही: बातम्या, बेत आणि गॅदरिंगचा घोळ

चरईकरीण | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली आणि आज शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. शाळा म्हणजे आपली ठाण्याच्या नौपाड्यातली, पहिली ते चौथी, मराठी, अनुदानित. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. मी समितीत पालक सदस्य आहे (मुलगी दुसरीत). व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सगळं 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडलं जातं, म्हणून इथे लिहितेय.

आधी बातम्या. सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची) नव्याने झाली, आवारातले दोन कॅमेरे बंद होते ते चालू झाले. पोषण आहाराचे डबे आता मधल्या सुट्टीच्या अर्धा तास आधी येतात, त्यामुळे चव घेऊन वहीत सही करायला बाईंना वेळ मिळतो. आधी पोरं ताटं घेऊन रांगेत उभी आणि बाई घाईघाईने चमचा तोंडात घालतायत असं चालायचं. पुस्तकपेटी प्रत्येक वर्गात पोचली. चौथीची मुलं नोंदवही सांभाळतात. 'पान फाटके परत दिले' असा शेरा एका पोराने स्वतःच्याच नावापुढे लिहिलाय.

आता खरी गोष्ट, पटाची. सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या, भाडेकरू डोंबिवली-बदलापूरला गेले, जे राहिले त्यांच्यातले निम्मे इंग्रजी माध्यमाकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं गणित आहे. आपण नव्वदीच्या काठावर आहोत. वरून संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मिळणार त्याची सरकारी मंजुरी) आधार जुळलेल्या पटावर होते, म्हणजे मूल वर्गात रोज बसतंय पण आधारमध्ये नावाची वेलांटी चुकली तर ते मोजणीत नाही. जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरला नाही तर एक बाई जाणार आणि दोन वर्ग एकत्र बसणार. बैठकीत सगळे सहलीवर बोलत होते, मी मात्र हेच धरून बसले होते.

बेत तीन: तिसरी-चौथीची सहल, गॅदरिंग, आणि एप्रिलमध्ये 'पहिले पाऊल'चा शाळापूर्व तयारी मेळावा. माझं म्हणणं एवढंच की तिन्हींत एक डोळा जूनच्या पहिलीवर हवा. बोला.

मिरची_बारीक | ८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

दोन्ही डोळे जूनवर ठेवा, पण गॅदरिंग कुठे ते आधी सांगा. मागच्या वर्षी साऊंडवाल्याने माईक दिला तो फक्त त्यालाच ऐकू येत होता.

ढोकाळीहून | ८ नोव्हेंबर, रात्री १०.३१

आमची बिल्डिंग पाडली तेव्हापासून ढोकाळीत भाड्याने राहतोय. मुलगा तिसरीत, याच शाळेत ठेवलाय. रोज टीएमटीने आणायचं आणि न्यायचं. लोक विचारतात वेड लागलंय का. शाळा नऊला भरायला लागली हे आमच्यासाठी फार मोठं झालं. आधी सात-दहाची घंटा होती तेव्हा पोरगा बसमध्ये झोपायचा आणि प्रार्थनेला उभा राहून डुलायचा.

चरईकरीण | ८ नोव्हेंबर, रात्री १०.४४

हो, चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असा फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय होता, त्यानंतर. पण इमारत एकच, दुपारी माध्यमिक भरतं, त्यामुळे शेवटचा तास अक्षरशः जिन्यात आटपतो. एक वर्ग उतरतोय, दुसरा चढतोय. त्यावर समितीत अजून तोडगा नाही.

गोखलेरोडचा_म्हातारा | ९ नोव्हेंबर, सकाळी ६.१२

मी या शाळेचा जुना विद्यार्थी, आता नातीला सोडायला येतो. ताई, तुम्ही पटाचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वेळी एका इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या आणि 'क' मधल्या पोरांना 'अ' वाले खेळायला घेत नसत. आता सगळी शाळा मिळून तेवढी मुलं.

गॅदरिंग शाळेच्या पटांगणातच करा. मी हे दोन वर्षं सांगतोय. नाट्यगृहात केलं की बघायला कोण येतं? मुलांचे आईवडील, तेही आपल्या पोराचा नाच झाला की उठून जातात. पटांगणात केलं तर समोरच्या गॅलऱ्यांतून, वाण्याच्या दुकानातून, क्लासहून परतणाऱ्या पोरांकडून शाळा बघितली जाते. त्या गॅलऱ्यांत दोन-तीन वर्षांची मुलं आहेत. तुमची पहिली तिथे बसलीय.

रंगमंच_वेडी | ९ नोव्हेंबर, सकाळी ८.५०

काका, आदर ठेवून विरोध. मी चौथीत असताना आमचं गॅदरिंग गडकरी रंगायतनला झालं होतं. नाटुकल्यात मी झाड होते, एकही वाक्य नव्हतं. पडदा उघडताना आतून जी हवा येते ना, ती तोंडावर आली आणि त्या दिवसापासून मला नाटकाचं लागलं ते आजपर्यंत. १९७८ पासून ठाण्यातल्या किती शाळांच्या पोरांना तो रंगमंच मिळाला. दुरुस्तीसाठी बंद होतं ते ऑगस्टमध्ये परत उघडलं, आणि नेमकं आता आपण म्हणायचं की पोरांनी बादली-मगच्या बाजूला नाचावं? खाजगी शाळांची मुलं मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम करतात. आपल्या पोरांना एक दिवस तरी विंगेत उभं राहू दे.

मुलांचं गॅदरिंग मुलांसाठी असावं. प्रवेशाची जाहिरात म्हणून त्यांना नाचवू नका, प्लीज.

वाचनमात्र | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

दोघांनाही अनुमोदन. काय करू?

फळा_खडू | ९ नोव्हेंबर, दुपारी २.२०

मी याच भागातल्या दुसऱ्या शाळेत शिकवते. थोडं आमच्या बाजूने बघा. २३ नोव्हेंबरला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबरच्या निकालानंतर, ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांत ती पास व्हायचीच आहे. वीस-वीस वर्षं शिकवणाऱ्या बायका रात्री बालमानसशास्त्राच्या नोट्स काढतायत. त्यात मतदार यादीचं काम. जानेवारीअखेरपर्यंत महापालिकेच्या निवडणुका उरकायच्या असं न्यायालयानेच सांगितलंय, म्हणजे जानेवारीत ट्रेनिंग, ड्यूटी, आणि शाळेचे वर्ग मतदान केंद्राला. यंदा चौथीच्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षाही वर्षाच्या शेवटी आहे. मध्यंतरी ती पाचवीला गेली होती, आता परत चौथीला.

तेव्हा जानेवारीत गॅदरिंग धराल तर बसवणार कोण? कोरिओग्राफर लावाल, तो मागच्या वर्षीचीच गाणी वाजवेल, पहिल्या रांगेत उंच आणि गोऱ्या मुली उभ्या करेल. बघितलंय हे.

मिरची_बारीक | ९ नोव्हेंबर, दुपारी २.४१

आणि ड्रेपरीवाला कोळ्याचा ड्रेस देईल त्याला मावळ्याचा वास येईल.

खाडीकाठचा | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१५

सहलीचं कोणी बोलतच नाहीये. कुठे नेताय?

चरईकरीण | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३३

दोन पर्याय आले. कर्जत रोडचा एक वॉटर पार्क (पालकांचा आग्रह, मुलांचा तर विचारूच नका) आणि ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र. माझं मत ऐरोली. पण 'एवढ्याशासाठी सहल कशाला, खाडी तर गाडीतून दिसते' असं एक बाबा म्हणाले.

खाडीकाठचा | ९ नोव्हेंबर, रात्री ८.०८

त्या बाबांना सांगा, कळव्याच्या पुलावरून लोकलमधून दिसते ती खाडी आणि होडीतून दिसते ती खाडी यांचा संबंध नाही.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं, २०२२ पासून ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर. आपल्या घरापासून इतक्या जवळ जगाच्या यादीतली जागा आहे, आणि ठाण्याची पोरं फ्लेमिंगो मोबाइलच्या वॉलपेपरवर बघतात. केंद्रात खारफुटीची माहिती, खेकडे-निवट्यांची माहिती सगळं आहे. तिवरांची श्वास घ्यायला वर आलेली मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी उभी दिसतात, पोरांना ती दाखवा, पुस्तकात एक परिच्छेद वाचून कळत नाही ते.

मात्र तारीख शाळेच्या सोयीने नाही, भरतीच्या वेळापत्रकाने ठरवा. ओहोटीला पक्षी लांब चिखलावर पांगलेले असतात आणि होडीही नीट जात नाही. भरती चढायला लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं. नोव्हेंबरमध्ये जाऊ नका, थवे पुरते आलेले नसतात. जानेवारीअखेर ते मार्च उत्तम. होडीचं आधी बुकिंग लागतं. लाइफ जॅकेट छोट्या मापाची आहेत का ते फोनवर विचारा, तिथे गेल्यावर नाही. आणि पोरांना आधीच सांगा: गुलाबी रंग जन्मजात नसतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन येतो. पिल्लं करडी असतात. पोरं यावर तासभर भांडतात, अनुभव आहे.

ढोकाळीहून | ९ नोव्हेंबर, रात्री ८.३०

बससाठी एसटी बघा. शैक्षणिक सहलीला ५० टक्के सवलत असते, शाळेच्या लेटरहेडवर अर्ज लागतो. खोपटला लवकर जाऊन ठेवा, फेब्रुवारीत सगळ्या शाळा तिथेच रांगेत असतात. खाजगी बस स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, कागदपत्रं कोण तपासणार?

दूरदेशी_ठाणेकर | १० नोव्हेंबर, पहाटे ४.१७

मी १९९६ ला चौथी पास. सध्या परदेशी आहे म्हणून वेळ विचित्र. धागा वाचून डोळे भरून आले वगैरे लिहीत नाही, पण बरं वाटलं. आमची बॅच मिळून एक मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनेल द्यायला तयार आहे. स्मार्ट क्लासरूम दिसली की पालक येतील ना?

फळा_खडू | १० नोव्हेंबर, सकाळी ७.०५

दादा, भावना पोचली. पण आमच्या शाळेत असे दोन पॅनेल आहेत. एकावर चादर आहे आणि दुसऱ्यावर वेळापत्रक चिकटवलंय. बिघडला की कंपनीचा माणूस येईपर्यंत सहामाही जाते, आणि वीजबिल कोणी देत नाही.

गोखलेरोडचा_म्हातारा | १० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

मुतारी बांधा. मुलींची. नीट दार आणि कडी असलेली, आणि रोज धुवायला माणूस. आई प्रवेश घ्यायला येते तेव्हा ती आधी तेच बघते, तुमचा पॅनेल नाही.

दूरदेशी_ठाणेकर | १० नोव्हेंबर, सकाळी ७.५२

काका, हे कुणी सांगितलंच नव्हतं. बॅचच्या ग्रुपवर टाकतो. पैसे कसे द्यायचे?

चरईकरीण | १० नोव्हेंबर, सकाळी ९.१०

संस्थेच्या नावाने, पावती घेऊन. समितीच्या किंवा कुणा पालकाच्या खात्यावर एक रुपयाही नको, कृपया. आणि धुणाऱ्या माणसाचा वर्षाचा पगार त्यात धरा. बांधायला सगळे देतात, धुवायला कोणी देत नाही.

मिरची_बारीक | १० नोव्हेंबर, सकाळी ९.२५

गॅदरिंगचा मांडव फुकट मिळतोय असं कानावर आलं. कोण देतंय?

चरईकरीण | १० नोव्हेंबर, सकाळी ११.४०

अरे देवा, तुझ्यापर्यंत पोचलं पण? हो. आपल्या प्रभागातले एक इच्छुक. मांडव, साऊंड, मुलांना खाऊ, सगळं. बदल्यात 'छोटासा फलक'. छोटा म्हणजे केवढा विचारलं तर प्रवेशद्वाराएवढा निघाला.

रंगमंच_वेडी | १० नोव्हेंबर, सकाळी ११.५५

बघा! पटांगणात करा म्हटलं की हेच. नाट्यगृहात निदान फलक बाहेर राहतो.

गोखलेरोडचा_म्हातारा | १० नोव्हेंबर, दुपारी १२.२०

मार्च २०२२ पासून ठाण्यात नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत. त्यामुळे आता इच्छुकांचा महापूर. एकाचा मांडव घेतलात तर दुसरा खुर्च्या घेऊन येईल, तिसरा भाषण. पोरं अकरा वाजेपर्यंत मेकअपमध्ये बसतील. नको. ठाम नको. शिवाय आचारसंहिता मध्येच लागली तर तो फलक उतरवायला कोण शिडी आणणार?

अनामिक_बाबा | १० नोव्हेंबर, दुपारी १.०२

हे सगळं ठीक आहे पण पहिलीपासून हिंदीचं काय झालं? त्यावर शाळा काय भूमिका घेणार?

चरईकरीण | १० नोव्हेंबर, दुपारी १.१५

१६ एप्रिल आणि १७ जूनचे दोन्ही निर्णय २९ जूनला मागे घेतले, समिती नेमली, अहवाल आल्यावर बघू. दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा, हा वाहून जाईल.

ढोकाळीहून | १० नोव्हेंबर, रात्री ९.४८

थोडं कडू लिहितो. गॅदरिंग बघून कुणी प्रवेश घेत नाही. आमच्या नव्या सोसायटीत पाच घरं मराठी आहेत, पाचही घरची मुलं इंग्रजी माध्यमात. मी त्यांना विचारलं. एकालाही मराठी शाळा वाईट वाटत नाही. त्यांना भीती वाटते की पाचवीत दुसऱ्या शाळेत गेल्यावर मूल मागे पडेल. 'चौथीनंतर काय?' याचं उत्तर आपल्या शाळेकडे आहे का? ते फलकावर लिहा. आपल्या चौथीतून गेलेली मुलं आता दहावी-बारावीला आहेत, काही इंजिनिअरिंगला आहेत. त्यांना एक दिवस बोलवा आणि नवीन पालकांसमोर बसवा. भाषण नको, गप्पा.

फळा_खडू | १० नोव्हेंबर, रात्री १०.१०

हे शंभर टक्के. आणि हे एप्रिलच्या मेळाव्यात करा, गॅदरिंगमध्ये नाही. 'पहिले पाऊल'ला मूल आणि आई दोघं येतात. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक, भाषा, गणनपूर्व तयारी असे सात टेबल असतात, मूल रंगीत कार्ड लावत, उड्या मारत पुढे सरकतं आणि आई मागे मागे. शेवटच्या टेबलावर पालकांशी बोलायचं असतं. तिथे बहुतेक ठिकाणी कागद हातात देऊन 'या हां जूनमध्ये' म्हणतात. तिथे तुमचा बारावीतला मुलगा बसवा.

एक छोटी सूचना: अंगणवाडी ताईंना आत्ताच भेटा. वस्तीत पाच-सहा वर्षांचं मूल कुठल्या घरात आहे ते त्यांना तोंडपाठ असतं.

रंगमंच_वेडी | १० नोव्हेंबर, रात्री १०.३६

मग जाहिरात एप्रिलमध्ये गेली. आता तरी गॅदरिंग मुलांचं राहू द्याल? मी नाटक बसवायला येते. शनिवारी येऊ शकते, आनंददायी शनिवारचा तास आहेच ना. पैसे नकोत. फक्त एकच अट, प्रत्येक मूल रंगमंचावर आलं पाहिजे आणि प्रत्येकाला एक तरी वाक्य.

मिरची_बारीक | १० नोव्हेंबर, रात्री १०.४०

झाडालाही?

रंगमंच_वेडी | १० नोव्हेंबर, रात्री १०.४१

झाडाला तर दोन.

चरईकरीण | १५ नोव्हेंबर, रात्री ८.२०

आज परत बसलो. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे, आज पहिल्यांदा त्या निम्म्या खरंच हजर होत्या, कारण बैठक सकाळी ठेवली. ठरलं ते लिहिते, पटलं नाही तर भांडा.

गॅदरिंग २० डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसात, शाळेच्या पटांगणात. नाट्यगृह यंदा नाही. मला स्वतःला रंगमंच_वेडी ताईंचं पटलं होतं, पण भाडं, बस आणि रात्री उशिरा परत येणं यात दोन पालक गप्प झाले, आणि ते गप्प का झाले ते सगळ्यांना कळलं. मांडव नाही, थंडीत कशाला हवा. स्टेजसाठी बाके जोडणार. पडदा मात्र हवा, यावर ताई अडून बसल्या, तेव्हा माझ्या सासूबाईंच्या दोन जुन्या लाल साड्या आणि सळईच्या कड्या यातून तो होणार आहे. ड्रेपरी नाही. जे घरात आहे तेच. इच्छुकांना मुख्याध्यापिका बाईंनी हसत नाही म्हटलं. फलक कुणाचाच नाही. पाहुणे म्हणून पोषण आहार वाढणाऱ्या मावशी आणि सुरक्षारक्षक काका.

प्रत्येक मूल रंगमंचावर. हा बाईंनी मांडलेला ठराव, टाळ्यांसह मंजूर. नाव नोंदवताना पहिलीतल्या एका मुलीने सांगितलं की तिला प्रेक्षक व्हायचंय. तिचं तसंच लिहून घेतलंय, पहिल्या रांगेत खुर्ची.

सहल फेब्रुवारीत, ऐरोली. वॉटर पार्कवर मतदान घेतलं असतं तर हरलो असतो, म्हणून घेतलं नाही.

पुस्तकपेटीसाठी आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाशी बोलायचं ठरलंय. १८९३ पासूनची संस्था दारात आहे, चौथीच्या मुलांना एकदा तिथे चालत न्यायला काय हरकत?

जिन्याचा प्रश्न राहिला. माध्यमिकच्या मुख्याध्यापकांशी बैठक मागितलीय.

खाडीकाठचा | १५ नोव्हेंबर, रात्री ८.५५

मी सहलीला येतो. दुर्बिणी दोन आहेत. फेब्रुवारीच्या भरतीच्या वेळा काढून बाईंना पाठवतो, त्यातून शाळेच्या दिवसातली सकाळ निवडा.

दूरदेशी_ठाणेकर | १६ नोव्हेंबर, पहाटे ३.४०

बॅचमधल्या बहुतेकांनी होकार दिला. दोघं अजून पॅनेलवरच अडून आहेत, त्यांना काकांची पोस्ट पाठवली. एक जण विचारतोय, मुतारीवर बॅचचं नाव लिहिणार का.

गोखलेरोडचा_म्हातारा | १६ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

लिहा की. रोज वाचलं जाईल.

ढोकाळीहून | १६ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

मेळाव्यासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी मी करतो. ज्यांना कुणी माहीत असेल त्यांनी इथे नाव-नंबर टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा. दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चमध्ये संपतात, त्यामुळे एप्रिल जमेल. आणि मराठी शाळेतून जाऊन अडखळलेला एखादा मुलगाही हवा. सगळे हुशारच बसवले तर पालक विश्वास ठेवणार नाहीत.

फळा_खडू | १६ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

आधारमधली नावं दुरुस्त करायचं शिबिर कधी घेताय ते नाही लिहिलंत. ते आधी. पट वर्गात नाही, पोर्टलवर मोजतात.

चरईकरीण | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.२५

सुटलंच ते. पुढच्या शनिवारी, वर्ग तिसरीचा, सकाळी दहापासून. जन्मदाखला आणि आईवडिलांचं आधार दोन्ही मूळ आणा, झेरॉक्स चालत नाही. रांग लागली तर मिरची_बारीक यांनी चहाची सोय बघावी, फार बोलतात.

मिरची_बारीक | १६ नोव्हेंबर, सकाळी १०.३१

आलं घालून की नुसता?